कळसूची अट

कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातल्या त्या घरात आमची जेवणं उरकली होती. नागलीची भाकरी, हुलग्याचं कालवण, लाल मिरचीचा ठेचा आणि शेवटी काळभाताचा भात, ज्याचा वास ताट रिकामं झाल्यावरही बोटांना राहतो. पाऊस नुकताच मागे हटला होता. कारवीच्या कुडाला वर्षानुवर्षांच्या धुराची काळपट झाक आली होती आणि दारातून येणाऱ्या वाऱ्यात ओल्या गवताचा वास होता. आश्रमशाळेतून सुट्टीला आलेली घरातली नात उंबऱ्याशी पुस्तक घेऊन बसलेली. आजीने तिला खरकट्या ताटांकडे हात केला. पोर म्हणाली, "मी न्हाई घासणार. कालबी मीच घासली." आजी रागावली नाही. पदराने हात पुसत म्हणाली, "मंग जा कळसूवाणी डोंगरावर." पोरीने पुस्तकातून मान वर काढली नाही. "जाईन की," म्हणाली. दोघी हसल्या. आम्हीही हसलो. तेवढ्यात सून उठली, ताटं एकात एक रचली आणि मागच्या दारी निघून गेली.

राखेने घासलेल्या ताटांचा आवाज येत राहिला. घरी परतल्यावरही तो प्रसंग मनातून जाईना.

कळसूबाईची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असते, पण घाईत. डोंगर चढताना कोणीतरी दोन वाक्यांत सांगतं आणि मग शिडी येते. कळसू ही कोळ्याची पोर, डोंगराच्या उत्तरेला असलेल्या इंदोरे गावात आली आणि एका घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली: काय सांगाल ते काम करीन, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. घरच्यांनी मान्य केलं. बरेच दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस घरी पाहुणे आले, कामाची गर्दी झाली आणि कोणीतरी तिला भांडी घासायला सांगितलं. ती डोंगरावर निघून गेली आणि मरेपर्यंत तिथेच राहिली. कोणी म्हणतं, तिने भांड्यांना हात लावलाच नाही, तशीच गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये मात्र वेगळं नोंदवलंय: तिने भांडी घासली, आणि मग गेली. जिथे घासली ती जागा थाळेमेळ, जिथे राहिली तो माथा कळसूबाई.

मला दुसरं सांगणं जास्त खरं वाटतं. पाहुणे बसलेत, घरातल्या बाईचे हात कामात अडकलेत, अशा वेळी नाही म्हणणं फार अवघड. ती नाही म्हणाली नाही. काम पुरं केलं, थाळ्या पालथ्या घातल्या असतील, हात धुतले असतील. भांडण नाही, शाप नाही. आपल्या पुराणकथांत अपमान झालेली बाई जमीन दुभंगून पोटात जाते किंवा आग लावते. कळसू नुसती चालत गेली. घरच्यांना ती गेल्याचं कळलं तरी केव्हा असेल? बहुधा पुढच्या कामासाठी हाक मारली तेव्हा.

आणि या मुलुखाने तिला देवी केलं. केवढा डोंगर दिला तिला! १,६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. खाली पाटीवर तेवढंच लिहिलेलं असतं, आणि शनिवार-रविवारी येणारी गर्दी तो आकडा घेऊनच वर चढते. मला त्यांच्याबद्दल राग नाही. पहाटेच्या अंधारात कपाळावर दिवे बांधून चढणारी, धापा टाकत लोखंडी शिडीच्या कठड्याला धरून उभी राहणारी विशीतली पोरं पाहिली की बरंच वाटतं. पण वर पोचल्यावर त्या जेमतेम चार-पाच माणसं मावतील एवढ्या देवळापाशी फोटो काढताना कोणाला वाटतं का, की आपण एका मोलकरणीच्या दारात उभे आहोत? नवरात्रात खालच्या गावांतल्या बायका इथे चढतात. अनवाणी, डोक्यावर पाटी, कडेवर पोर. पूर्वी शिड्या नव्हत्या तेव्हा कातळातल्या खोबणीत बोटं रोवून चढायच्या, असं म्हाताऱ्या सांगतात. खण, नारळ, हिरव्या बांगड्या वाहतात. माथ्यावरचा वारा असा की हळद-कुंकू बोटातून सुटण्याआधीच उडून जातं. त्या बायका वाऱ्याकडे पाठ करून, ओंजळीच्या आडोशाने कुंकू लावतात. बसल्या की समोरचे डोंगर ओळखीच्या माणसांसारखे एकमेकींना दाखवतात: तो अलंग, तो मदन, तो कुलंग, ते भंडारदऱ्याचं पाणी, त्याच्यापलीकडे रतनगड. रतनगडावर रत्नाबाई, त्याच्या शेजारी कात्राबाई, आणि इथे कळसूबाई. तिघी बहिणी. तिघींचं आपसात काय झालं आणि त्या वेगवेगळ्या डोंगरांवर का बसल्या, हे दर सांगणारी वेगळं सांगते. एकीने मला सांगितलं, "घर एक असलं की कामावरून व्हतंच."

माझं लहानपण याच डोंगरांच्या पायथ्याकडून खाली, प्रवरेच्या काठी गेलं. खालच्या सपाट, उसाच्या मुलुखात. आमच्याकडे वरच्या अंगाची एक बाई कामाला होती. तिला आम्ही मावशी म्हणायचो. तिच्या हाताला कायम मोहट्याच्या तेलाचा वास यायचा, आणि दुपारी पाठ टेकली की ती आम्हाला वाघाच्या गोष्टी सांगायची. कामाला राहताना तिने आईला एकच सांगितलं होतं: वाघबारसेला मी घरी जाणार. दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेच्याच दिवशी. आमच्याकडे त्या दिवशी गाय-वासराची पूजा, आणि तिच्या गावाला वाघाची. गुरं राखणारी पोरं घरोघर फिरून दूध-तांदूळ गोळा करतात, शिवेवर वाघोबाच्या थानापाशी जातात. शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडी फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य. तिथेच दगडांची चूल मांडून खीर शिजते. मग पोरांमधला एक वाघ होतो, एक अस्वल, एक कोल्हा, आणि बाकीचे त्यांना हाकलतात. "आमच्या गुरांना खाऊ नको, आमच्या वाटंला येऊ नको," असं वाघाला सांगायचं आणि त्याच्या वाटणीची खीर त्याला द्यायची. मावशी हे सांगताना वाघाचा आवाज काढायची आणि आम्ही तिच्या लुगड्यात तोंड लपवायचो. मला तेव्हा वाटायचं की वाघ ऐकत असणार. अजूनही, खरं सांगायचं तर, वाटतं. ज्याच्या शेजारी राहायचं त्याच्याशी वर्षातून एकदा समोरासमोर बोलून घ्यायचं, हा फार शहाणपणाचा करार आहे.

एका वर्षी ऐन दिवाळीत आमच्याकडे पाहुणे आले. बरीच माणसं होती, काही मुंबईची, काही पुण्याची. आईने मावशीला थांबायला सांगितलं. विनवूनच सांगितलं, हुकूम नव्हता. मावशी थांबली. वाघबारसेच्या संध्याकाळी ती मागच्या अंगणात बंबाच्या राखेने पितळी पातेली घासत होती आणि मी शेजारी उकिडवी बसून गोष्ट सांग म्हणून मागे लागले होते. त्या दिवशी तिने गोष्ट सांगितली नाही. दिवाळी झाल्यावर ती गावी गेली.

पंधरा दिवसांनी ती परत आली.

आईने तिला नवं लुगडं दिलं. त्या गोष्टीबद्दल घरात पुन्हा कोणी काही बोललं नाही, आईही नाही आणि मावशीही नाही. कळसूची गोष्ट मी बारीच्या त्या घरात ऐकण्याआधीही ऐकली होती, पण त्या दिवशी सून ताटं उचलून गेली तेव्हा मला मावशीची पाठ दिसली. गोष्टीतली एक बाई निघून जाते. न गेलेल्या किती असतील, आणि ही गोष्ट जिवंत ठेवली असेल ती त्यांनीच. ज्यांना जाता आलं नाही त्यांनी, जी गेली तिला देव्हाऱ्यात बसवलं. आजी नातीला "जा डोंगरावर" म्हणते तेव्हा त्यात टोमणा असतो, आणि मला वाटतं, थोडी परवानगीही असते.

हे डोंगर ज्या अकोले तालुक्यात आहेत त्याचा लिहिलेला इतिहास वाचायला गेलं की तिथेही मला हीच अट भेटते, फक्त पुरुषांच्या तोंडी. राजूरजवळच्या देवगावचे भांगरे. रामजी भांगरे यांनी १८२९-३० च्या सुमाराला इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि पुढे त्यांच्या मुलाने, राघोजीने, १८४० च्या दशकात त्याहून मोठा. महादेव कोळ्यांचे नाईक पिढ्यान् पिढ्या या घाटवाटा आणि गड राखत आले होते आणि त्या बदल्यात त्यांना वतनं होती, हक्क होते. पेशवाई बुडाली, १८१८ नंतर गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या गेल्या. अलंग-कुलंगच्या वाटेवर त्या तुटलेल्या पायऱ्या आजही पायाखाली येतात, आणि दोर लावून चढताना हात थरथरतो. गड गेले तसा राखणदारांचा हक्कही गेला. रोख सारा आला, त्याच्या मागोमाग सावकार आला. निरक्षर माणसाने अंगठा दिला की वहीत काय लिहिलंय हे वहीवाल्यालाच ठाऊक. राघोजीच्या माणसांनी सावकारांचे वाडे लुटले, वह्या आणि कर्जखतं जाळली, नाकं कापली. वह्या जाळल्याचं ऐकताना माझ्या मनात काहीतरी मोकळं होतं. नाकं कापल्याचं कोणी हसत सांगितलं की पोटात गोळा येतो, आणि ते सांगणारा माझ्याइतकाच मवाळ माणूस असतो. या दोन्ही गोष्टी मला एकदमच वाटतात. राघोजी अखेर पंढरपुरात पकडला गेला. २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं.

पंढरपुरात पकडला गेला, हे इथले लोक विशेष खालच्या आवाजात सांगतात. डोंगरात होता तोवर सापडला नाही, हे त्यांना त्यातून सांगायचं असतं. डोंगरात त्याला भाकरी कोण पोचवत होतं, कोणत्या दरीत, कोणत्या कपारीत, हेही सांगतात. प्रत्येक गावाला आपली एक कपार आहे. सगळ्याच खऱ्या नसतील. पण भाकरी पोचवणारी बाई त्या प्रत्येक गोष्टीत आहे, आणि तिला नाव नाही. मी विचारलं तर म्हणतात, "व्हती कोनीतरी, घरातलीच." याहून जुनी आठवण आहे शिवनेरीवरच्या काळ्या चबुतऱ्याची, सतराव्या शतकात मोगलांनी कापलेल्या कोळ्यांची. त्याबद्दल बोलताना मात्र माणसं आकडा सांगतात, नावं सांगत नाहीत. मेलेली माणसं फार झाली की आठवणीलाही नावं पेलत नसावीत.

मग पाणी. प्रवरा रतनगडाच्या अंगावरून उतरते, रतनवाडीच्या अमृतेश्वरापाशी वळण घेते. त्या देवळाच्या दगडात पावसाळ्यात एवढी ओल असते की कोरीव काम घामेजलेलं वाटतं. आमच्या खालच्या मुलुखात या नदीला अमृतवाहिनी म्हणतात. समुद्रमंथनानंतर राहूने चोरून अमृत प्यायलं, विष्णूने त्याचं डोकं उडवलं, कंठातलं अमृत सांडलं आणि त्याची नदी झाली. मोहिनीचं देऊळ पार खाली नेवाशाला, म्हणजे पंगतीत अमृत वाढणारी खाली आणि अमृताचा उगम वर. १९१० ते १९२६ या काळात भंडारदऱ्याला इंग्रजांनी धरण बांधलं, दगडी, ८२ मीटर उंचीचं. त्या काळी एवढ्या उंचीची धरणं देशात जवळपास नव्हतीच. त्याचं पाणी कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे गेलं. तिथे ऊस झाला, साखर झाली, १९५० मध्ये प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आमचं घर त्या पाण्यावर शिकलं. माझी फी त्या पाण्याने भरली. आणि ज्या घाटघर, रतनवाडी, साम्रदच्या डोक्यावर हा सगळा पाऊस चार महिने कोसळतो, जिथे जुलैत दहा-दहा दिवस सूर्य दिसत नाही आणि अंथरूण-पांघरूण चुलीवर टांगून वाळवावं लागतं, त्या वरच्या गावांत एप्रिल-मे महिन्यांत बायका झऱ्याशी रांग लावून वाटीवाटीने हंडा भरतात. धरणाची निळाई समोर दिसत असते. लहानपणी पाटाला पाणी सुटलं की आम्ही धावत जायचो, गार पाण्यात पाय सोडून बसायचो. मावशी कधी आमच्याबरोबर पाटावर येऊन बसल्याचं आठवत नाही. त्याचं कारण मी तिला विचारलं नव्हतं. आता ती नाही.

मे संपता संपता याच भागात काजवे येतात. हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा, एकेक झाड अख्खंच्या अख्खं एका तालात उजळतं आणि विझतं. खूप सुंदर असतं ते, शब्द अपुरे पडावेत इतकं. गाड्यांच्या रांगा लागतात, दिवे चालू राहतात, आणि गावातली पोरं बॅटरी बंद करा म्हणून रस्त्यावर ओरडत फिरतात. ही पोरं आता वाटाडे झालीत, तंबू लावतात, जेवण देतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं, तेव्हापासून जंगलात काय करायचं नाही याची यादी वाढतच गेली, आणि पाहुण्यांनी मात्र बाराही महिने यावं अशी सगळ्यांची इच्छा. घराला पैसा मिळतो, तो हवाच आहे. पण पाहुणे आले की भांडी वाढतात, आणि ती कोण घासतं हे मी प्रत्येक घराच्या मागच्या दारी जाऊन पाहिलंय. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा वरच्या घरांमध्ये जो आनंद पाहिला तो मला या सगळ्याशी जोडलेला वाटतो. गावठी वाल, घेवडा, भाताची वाणं गाडग्या-मडक्यांत राखेत घालून जपणं हे घरातलं न दिसणारं काम होतं. केर-भांड्यांच्याच रांगेतलं. त्याला कोणीतरी काम म्हटलं, दिल्लीला बोलावून म्हटलं.

दिवाळीनंतर भात झोडून झाला की वरची गावं अर्धी रिकामी होतात. कुडाच्या दाराला काटी लावून माणसं खाली उतरतात, जुन्नरच्या बाजूला, नारायणगावला. तिथे रोज सकाळी मजुरांचा बाजार भरतो. डोंगरातल्या बायका डबा, विळा आणि पाण्याची बाटली घेऊन घोळक्याने उभ्या असतात, शेतकरी पिकअप घेऊन येतात, बोलणी होतात आणि गाड्या भरून निघतात. गेल्या हिवाळ्यात मी तिथे चहाच्या टपरीपाशी उभी होते. थंडीने बायकांनी डोक्यावरून घट्ट पदर घेतले होते, आणि त्यांच्या बोलण्यातला "न्हाई" ऐकून मला कळलं की या आमच्या वरच्या अंगाच्या. एक शेतकरी आला. चांगला माणूस वाटत होता, गाडीतून उतरून बोलत होता.

"दहा बाया पाहिजेत. टोमॅटो तोडायचेत."

"सुट्टी कव्हा?"

"पाचला."

"पाचाच्या म्होरं काम न्हाई. आन् गाडीभाडं तुमचं, जाताना-येताना." पुढे उभी असलेली पन्नाशीची बाई बोलत होती. "मागल्या मालकानं साडेसहा वाजिवले. माल भरायचा राहिला म्हनला."

"अहो मावशी, एखाद्या दिवशी होतं मागंपुढं."

"एखाद्या दिवशीच व्हतं, भाऊ," ती म्हणाली. "रोज कोन करतंय?"

शेतकऱ्याने घड्याळ पाहिलं. मागे दुसऱ्या पिकअपवाल्याने दुसऱ्या घोळक्याशी बोलणी सुरू केली होती. त्या बाईने त्याच्याकडे नजरही वळवली नाही, आणि तिच्या मागच्या नऊजणींपैकी एकीनेही गाडीकडे पाऊल टाकलं नाही.

"बरं, पाचला सोडतो. बसा."

"पाचाला सोडतो न्हाई. पाचाला गाडी बांधावर उभी पायजे."

"उभी करतो, मावशी."

मग त्या चढल्या.